लिहून घेणार

दस्तात हे झाले 'लिहून देणार'
आणि मी 'लिहून घेणार'.
एकतीस वर्षांत आमची एवढी नेमकी ओळख
कुणी करून दिली नव्हती.

लातूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात
पंखा होता, वारा नव्हता.
टोकन सतरा.
सोळा नंबरचे दोघे भाऊ वाटणीपत्राला आलेले,
एकाच बाकावर, एकमेकांकडे पाठ करून.
आम्हीही बहुतेक तसेच दिसत असू,
फक्त आमच्या मधे डब्याची पिशवी होती.

बाहेती सीएंनी आधीच समजावलं होतं :
नवऱ्यानं बायकोला दिलेल्या बक्षिसावर कर नाही, वहिनी,
नातंच तसं आहे.
पण वरच्या चार खोल्यांचं भाडं
अप्पांच्याच उत्पन्नात धरलं जाईल.
म्हटलं, घर माझं आणि भाडं यांचं?
ते म्हणाले, कायद्यानं, हो.
ते भाडं तुम्ही बँकेत टाकलंत
तर त्याचं व्याज तेवढं तुमचं.
मला हसू आलं.
डॉक्टर व्हायला आलेली आठ पोरं वर राहतात.
त्यांचे डबे, टँकरवाल्याशी भांडण,
रात्री दोनला उलट्या करणारा उमरग्याचा पोरगा,
हे सगळं आजवर
कुणाच्या उत्पन्नात धरत होते?

मग विषय निघाला मोबदल्याचा.
मी म्हटलं, लिहा की खरं.
लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझ्या पाटल्या
आणि आईची बोरमाळ गंजगोलाईत मोडली,
त्यातून यांचं मोटार वाइंडिंगचं मशीन आलं,
मशीनमधून प्लॉट, प्लॉटवर हे घर.
याला बक्षीस कसं म्हणायचं?
ही तर परतफेड झाली.

दस्तलेखकाची बोटं थांबली.
'मावशी, काय बोलूलालाव?
मोबदला लिहिला की खरेदीखत झालं.
बाजारभावावर टक्के लागतील, लाखात जाईल मुद्रांक.
आणि सोनाराची पावती हाय का?'

पावती.
सोनार वारला, दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
त्या रात्री हे जेवले नव्हते,
पावती म्हणून
माझ्याकडे एवढंच आहे.

'अन् प्रेमापोटी लिहिलं तर?'
'दोनशे रुपये. वर थोडा अधिभार.'

म्हणजे खरं महाग होतं
आणि प्रेम परवडत होतं.
लिहा, म्हटलं.

सतरा नंबर आला.
साहेबांनी मान वर न करता वाचलं :
नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी,
कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने,
कोणाच्याही दबावाशिवाय.
साक्षीला झेरॉक्सवाला आणि नणंदेचा सोमनाथ.
'मान्य आहे का?'
हे खोकले.
मग इतक्या मोठ्यानं 'हाव' म्हणाले
की सोळा नंबरचे दोघे भाऊ एकदमच वळून बघायला लागले.

यांचा अंगठा काही मशीन घेईना.
तांब्याच्या तारा गुंडाळून गुंडाळून
रेषा उरल्यात कुठे?
तीनदा नापास.
मी पदरानं पुसला,
थोडी थुंकी लावून, लेकराचं नाक पुसावं तसा.
चौथ्यांदा हिरवा दिवा लागला.
माझा पहिल्याच दाबात लागला.

येताना स्कूटरवर कुणी बोललं नाही.
गंजगोलाईच्या वळणावर
हेल्मेटच्या आतून आवाज आला,
'बावीस मणी होते.'

'चोवीस,' मी म्हटलं.

'बावीस. मी मोजले होते.'

'माझ्या आईची बोरमाळ, तुम्ही काय मोजता?'

रेणापूर नाक्यापर्यंत आम्ही भांडत गेलो,
पेट्रोल पंपावर थोडं थांबलो,
तिथंही.