चार मोकळे चौकोन

परभणीत बासितभाई सोल्डर करताना
कूलर बंद करतो. टोक थंड पडतं म्हणे.
एप्रिल. घाम बोर्डावर पडू नये म्हणून
मी स्टूल मागं सरकवतो.

कन्सोल दादानं हैदराबादहून आणलेला.
आत वीस वर्षांची धूळ, एक वाळकी पाल,
आणि चार चौकोन, कारखान्यापासून मोकळे :
पाट मांडले, पाहुणे आलेच नाहीत.

चारी चिप दुसऱ्या एका मेलेल्या मशीनमधल्या.
"ह्यांना तिकडचं काही आठवत असंल का?"
"लाइट गेली की समदं विसरतेत. रॅम हाय बाबा."

एका चिपला शंभर पाय.
दोन जरी एकमेकांना चिकटले
तर स्क्रीन काळी.
तो भिंग लावून, श्वास धरून,
टपरीत राळेचा धूर, लोबानासारखा.

चौथीच्या एकसष्टाव्या पायाला लाइट गेलीच.
"हलू नको," अंधारात म्हणाला.
मला की चिपला, कळलं नाही.
आम्ही दोघंही हललो नाही.

साडेआठला आली.
चौसष्टच्या जागी एकशे अठ्ठावीस.
मी पुण्याला फोन लावला.
दादा म्हणाला, भंगारात दे ते डबडं.
मग जरा थांबून :
पुलाच्या वळणावर अजून अडकते का रे गाडी?

अडकते.
गेम चौसष्टातच लहानाचा मोठा झालेला,
घर वाढलंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

बासितभाईनं कूलर लावला.
पाणी संपलेलं.