सरकगाठ

पोळ्यानंतर तीनदा जमीन गुरगुरली.
पहिल्यांदा भांडी वाजली, आम्ही मांजरीला हाकललं.
दुसऱ्यांदा गिट्टीच्या खदानीला शिव्या दिल्या.
तिसऱ्यांदा मांजर माझ्या मांडीवर होती
अन् खदान आठ दिवसांपासून बंद.

सायबानं शाळेत नकाशा टांगला.
गाविलगडच्या पायथ्याला पिवळा पट्टा.
"पिवळा म्हंजे काय?" गुंफाबाईनं इचारलं.
"म्हणजे लाल नाही," सायब म्हणाला, "पण..."
त्या 'पण'वर चहा आला.

वही माझ्याकडं. मी कोतवाल.
दारोदार जा, खाटेच्या वर काय आहे ते लिही.
लिहिलं: कवेलू. बल्ल्या. विळा. सोयाबीनचं अर्धं पोतं.
देवाचा फोटो, खिळा ढिला.
तुळसाबाईच्या फळीवर पितळी गुंड, आंदणातला.
उतरव म्हटलं, तर म्हणे,
"खाली ठेवला तं माहेर खाली ठेवल्यावानी वाट्टे."
दुसऱ्या दिवशी फळी रिकामी होती.
भिंतीवर गुंडाएवढा गोल, बाकी भिंतीहून उजळ.
मी काही बोललो नाही. ती बी.

कोठ्यात सुखलाल भिलावेकर शहाणा.
दाव्याला सरकगाठ मारायची त्यानं शिकवली:
बैल किती बी ओढो, घट्ट.
माणसानं एक शेपूट ओढलं, मोकळा.
दुपारभर पोरं एकमेकांना
शाळेच्या गजांना बांधत होती, सोडत होती.

मग वहीतलं अवघड पान.
कोण कोणाला बाहेर काढील.
रेशमाला सातवा महिना, तिला नणंद.
पुंजाजीला ऐकू येत नाही, त्याच्या पायाला दोरी,
दोरीचं टोक शेजारच्या खिडकीत.
अजाबरावला लकवा. एकटा.
सगळ्यात जवळचं दार पुंडलिक ढोऱ्याचं,
अन् त्या दोघांत हातभर धुऱ्यापायी
अकरा वर्षं बोलणं नाही.
मी पेन्सिलीनं लिहिलं. पुसता यावं म्हणून.

सरावाच्या दिवशी रुळाचा तुकडा बडवला.
सगळे मैदानात, तारांपासून दूर.
मोजले. दोन कमी.
तेवढ्यात पुंडलिक आला, पाठीवर अजाबराव,
एकाचं तोंड खदानीकडं, एकाचं देवळाकडं.
त्यानं त्याला खाली ठेवलं
अन् स्वतः बसला, बरोबर हातभर सोडून.
"चौकट लागली डोक्याले," अजाबराव हवेला म्हणाला.
हवा काही बोलली नाही.

पुढच्या अमावशेच्या रात्री
भांडी वाजली, भिंत हालली, माती सांडली.
उशाशी चपला होत्या, बॅटरी होती, रुळ बडवला.
पळताना कुणी ओरडलं नाही, हे नंतर आठवलं.
नणंदेनं रेशमाचा हात धरलेला,
पुंजाजी एका पायावर उड्या मारत,
दोरी अजून ओढतच होतं कुणी.
आणि पुंडलिक दारातून निघाला, पाठीवर ओझं,
या वेळी गुडघ्यात वाकून.

मैदानात वही आणली नव्हती.
बोटांवर मोजलं. एक जास्त भरला.
पुन्हा मोजलं.
मधोमध उभा होता सुखलालचा ढवळा,
खांद्याला माझ्या भिंतीची माती,
गळ्यात दावं, कुण्या पोरानं ओढलेलं.