नळीपलीकडची अक्षरं

रेषांचं कार्ड मागच्या गावात विसरले.
किटसोबत येतं ते: पांढऱ्यावर काळ्या रेषा,
नळीमागे धरायच्या.
दिसल्या तर उणे. नाही दिसल्या तर अधिक.
रकान्यात तिसऱ्या चिन्हाला जागा नाही.

कोरचीपासून बावीस किलोमीटर आत.
तेंदूपत्त्याचे दिवस, अर्धं गाव रानात,
शाळेच्या व्हरांड्यात माझं टेबल
आणि डब्यातलं बर्फ सकाळीच पाणी झालेलं.
दसमी उसेंडीने पहिलीच्या पुस्तकाचं सुटं पान दिलं.
"रेघा नाहीत बाई, अक्षरं आहेत. चालते काय?"
चालतं. पलीकडे काहीतरी काळं असलं
की शास्त्राचं भागतं.

आत वर्गात सात टॅबलेट,
पुण्याच्या कुठल्याशा प्रकल्पाचे, पाठीवर क्रमांक चिकटवलेले.
मुलं वाचतात, ते ऐकतात, माहिती वर जाते.
दसमी म्हणते, पानी.
टॅबलेट म्हणतो, पुन्हा प्रयत्न कर.
पानी.
पुन्हा प्रयत्न कर.
अकराव्यांदा ती त्याला गोंडीत काहीतरी बोलली,
पोरं खिदळली,
आणि तो म्हणाला, शाब्बास!
ते शाब्बास कुणाच्या तक्त्यात
कुठल्या आलेखात चढलं असेल, देव जाणे.

बोटाला टोचलं. तिने हात मागे नेला नाही.
थेंबभर रक्त, दोन मिली द्रावण, पाच मिनिटं.
नळी लालसर, आरपार.
"ब द क," तिने स्वतःच्या रक्तातून वाचलं.
मग पान आपणच लांब नेलं.
"बाई, क द ब झालं! आन् पाठमोरं!"

नळी गोल आहे ना, मी म्हणाले, प्रकाश वाकतो.
"कोन वाकवते त्याले?"
बी.एस्सी.ला पाठ केलेलं सूत्र
ओठापर्यंत आलं, तिथेच थांबलं.
ती पान मागेपुढे करत राहिली,
उलटायची नेमकी जागा धुंडत,
सापडली तशी टेबलावर खडूची रेघ.
मग पाण्याची नळी. मग खोकल्याच्या औषधाची बाटली.
रेघ मार, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिचा भाऊ सनिराम. वय चार.
डोळ्यांच्या पांढऱ्यात हळद,
हाताची बोटं सुजलेली.
पाच मिनिटं झाली. तिने पान धरलं.
जवळ. लांब. पुन्हा जवळ.
"पान बदलवा ना बाई."
बदललं.
नळी तांदळाच्या धुवणासारखीच राहिली.

गढूळ म्हणजे एवढंच की आणखी पाहावं लागेल,
मी म्हणाले. नमुना नागपूरला जाईल,
तिथे विजेच्या ओढीने रक्त सरकतं,
एक पट्टा उमटतो की दोन, ते पाहतात.
हे खरंच होतं.
पण ती बोटं मी पाहिली होती.

संध्याकाळी बाप आला, अंगाला पत्त्याचा वास.
मोहाच्या बिया मांडून मी हिशेब सांगितला:
तुम्ही दोघं असे, तर चौघांत एक.
त्याने बिया मोजल्या. हलकं झाल्यासारखा म्हणाला,
"मंग एकाले झाला. पुढचे तिघं सुटले."
नाही, दादा.
दर वेळी पिशवी पुन्हा भरते.
पिशवीला आठवण नसते.
दोन वर्षांत किती अंगणांत बोलले असेन हे वाक्य,
पण समोरच्या चेहऱ्यावर
ते दर वेळी पहिल्यांदाच पडतं.

निघताना तिने नळी मागितली.
रक्ताची देता येत नाही. कोरी दिली.
पिशवीत सामान भरताना ते पान हाती आलं,
मागे पेन्सिलीने, एकाखाली एक:

पाण्याची नळी, एक बोट.
दवाईची बाटली, तीन बोटं.
दसमी, एक बोट. म्हंजे मी आन् पाणी सारखे.
सनिराम, अजून पाहाचं आहे.