कोरी बाटली

स्तुंग त्रेंगच्या खाली, जिथे मेकाँग
एका डोहात आपली खोली लपवते,
बाप होडी थांबवायचा,
वल्हं उभं पाण्यात सोडायचा
आणि मुठीला कान लावायचा.
'गप्प,' म्हणायचा. मी गप्पच असायची.
लाकडातून वर यायचं म्हणे सगळं :
कुणी गुरगुरतंय, कुणी वाळू उकरतंय,
कुणी इतकं मोठं की नुसतं कुशीवर वळलं
तरी वल्ह्याच्या अंगावर काटा.

मी कान लावला की ऐकू यायचं
माझंच रक्त.

आता मी त्याच डोहाचं पाणी जोखते.
एक लिटर, तीन वेळा, हातमोजे घालून,
पांढऱ्या चकतीतून गाळत.
मासा दिसायला नको, जाळ्यात यायला नको,
त्याने सांडलेलं पुरतं :
अंगाची बुळबुळ, पोटातली घाण, झिजलेली कातडी.
बापाला समजावलं तेव्हा तो हसला.
'म्हणजे आंघोळीच्या पाण्यावरून माणूस ओळखणार.'
हो, तसंच.
'किती आहेत तेही कळेल?'
नीटसं नाही.
'म्हातारा की पोर?'
नाही.
'मग वल्ह्याचं काय बिघडलं होतं?'

दर खेपेला एक चौथी बाटली असते.
तिच्यात नॉम पेनहून आणलेलं शुद्ध पाणी,
नदीला न शिवलेलं.
होडीतच उघडायची, गाळायची,
बाकीच्यांच्या शेजारी बर्फात निजवायची.
तिच्यात काही सापडता कामा नये.
तिचं काम एवढंच : कोरं राहणं.

त्रेई रीच, राजमासा,
बापाने शेवटचा पाहिला तेव्हा मी दुसरीत होते.
पाहिला म्हणजे मारला. लपवायचं काय त्यात.
ओढायला सहा माणसं लागली.
आईने उदबत्ती लावून त्याची माफी मागितली
आणि मगच सुरीला धार लावली.
त्या पैशांतून छपराचे पत्रे आले, माझा गणवेश आला.
जबड्याचं हाड अजून दाराच्या चौकटीला आहे.

मंगळवारी रात्री, यंत्राच्या पडद्यावर,
छत्तिसाव्या फेरीला एका रेषेने मान वर केली.
डोहाची दुसरी बाटली.
मी फोन करून रोथानाकला झोपेतून उठवलं.
बराच वेळ तो बोललाच नाही,
मग एवढंच म्हणाला :
'कोरीचं काय?'

कोरीतही मासा होता.
डोहात होता त्याहून ठळक.

आठवत बसले.
पहाटे निघताना, अंधारात,
चौकटीला हात टेकून बूट चढवले होते.
तीच बोटं मग झाकणांना,
मोजे घालायच्या आधी, क्षणभर.
वीस वर्षं वाळलेला मासा
माझ्या हातावरून उतरून
नेमका तिथे पोहोचला होता
जिथे यायची त्याला बंदी होती.

दुसऱ्या बाटलीवर मी काट मारली.
कदाचित ती खरी असेल.
कदाचित हा शब्द वहीत लिहायला रकाना नाही.

बापाला सांगितलं. या वेळी हसला नाही.
स्टूल ओढलं, हाड उतरवलं,
आईच्या जुन्या क्रामात गुंडाळलं
आणि तसाच उभा राहिला, ते बोचकं घेऊन,
झोपलेलं मूल कुणाकडे द्यावं
हे न सुचलेल्या माणसासारखा.
'कुठे ठेवू,' म्हणाला, 'तुझ्या हाताला लागणार नाही असं?'
मला सांगता आलं नाही.
पत्र्याखाली, गणवेशाच्या पेटीत, चुलीच्या काजळीत,
त्या घरात तो मासा नाही अशी जागा कुठली?

परवा पुन्हा गेलो. मी गेस्टहाउसवर झोपले होते,
कपडे नवे, मोजे दुहेरी.
होडी रोथानाकची, वल्हंही त्याचंच,
अजून कुठल्याच माशाची ओळख नसलेलं.
बापालाही मोजे घालायला लावले.
डोहावर आल्यावर त्याने ते वल्हं
तरीही उभं सोडलं पाण्यात,
आणि निळ्या रबरी मुठीवर कान टेकला.
पंप घरघरत होता. चकती ओली होत होती.
'गप्प,' तो म्हणाला.

मी पंप बंद केला.