दोन नंबर

क्लाक्सविकच्या बंदरात, माशांच्या शीतगृहामागे
रान्वा एकटीच रात्रपाळीला.
सकाळी सहाला सुरू झालेली तापमानाची फाइल
रात्री अकराला गप्प होते. रोज.

स्क्रिप्टच्या शेवटी त्रोंदुरचा हात दिसतो:
दोन नंबरचा प्रवाह त्यानं शून्यात सोडलेला,
कुरकुरत्या बिजागरीला तेल न घालता
रेडिओ मोठा करावा तसा.

ती तेवढंच पुसते. वाट बघते.
दुसऱ्या रात्री, अकराला,
पडदा बोलतो:
उघड्या फाइली फार झाल्या.
उघड्या फाइली फार झाल्या.
मिनिटाला एक हँडल घेतलेलं, परत एकही नाही,
शेजारणीकडच्या वाट्या
आपल्याच फडताळात साचाव्यात तशी.

शहाणी उत्तरं बफरमध्ये ताटकळतात,
प्रोग्राम मेला की त्याच्यासोबत जातात.
तक्रार थांबत नाही.
ती आधी पोचते, मग मरायचं ते मरतं.

लूपच्या आत एक क्लोज.
मग ती त्रोंदुरला फोन लावते, तो जागाच आहे, गोठ्यात.
"फार बडबडायचं ते," तो म्हणतो.
"खरं बोलत होतं."
पलीकडे मेंढी कण्हते.
"थांब," तो म्हणतो, "पाय आधी येतायत."
आणि फोन
चालूच राहतो.