पासंग

मेडिकल चौकात सिग्नलला थांबलो
तेव्हा दिसला डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा:
शेजारची एअरबॅग बंद.

सीटखालच्या सेन्सरनं डोमामामाला
लहान पोर समजून
उशी आतच रोखून धरली होती.

"काहून पेटला बे तो?"

चाळीस वर्षं कळमन्यात मापाडी.
पोत्याला नुसता हात लावून
वजन सांगायचा, किलोभराचा फरक नाही.
त्याला खोटं काय सांगू?

"वजन कमी भरून राह्यलं म्हणते गाडी."

मामा हसला, मग खोकतच राहिला.
पायाशी ठेवलेली पाण्याची पाच लिटरची कॅन
उचलून मांडीवर घेतली,
ताठ बसला.

दिवा विझला.

"जिंदगीत पहिल्यांदा
पासंग लावला, भाचा."

सिग्नल सुटला.
दुसऱ्या गिअरमध्येच नेली मी गाडी
वॉर्डाच्या गेटपर्यंत.