दिवस मावळायच्या आत दोन कप

राजारामपुरीतल्या दुकानात
त्या पोरानं आधी एसी वाढवला, मग विचारलं,
"काकू, तुमची लाइफस्टाइल काय?"
मी ह्यांच्याकडं बघितलं.
हे मशिनकडं बघत होते.

लाइफस्टाइल.
एकतीस वर्षं सहकारी बँकेत, कॅशच्या खिडकीमागं.
चार वाजले की शिपाई रावसू
काचेच्या ग्लासातनं अर्धी अर्धी कॉफी आणून ठेवायचा,
वर साय, तळाला न विरघळलेली साखर.
कुणी हलवून प्यायचं नाही,
कारण चमचा एकच, तोही साहेबांच्या केबिनमध्ये.
मार्चमध्ये निवृत्त झाले.
तेव्हापासून चार वाजतात, आणि नुसतेच वाजतात.

हे त्याला कसं सांगायचं?
म्हटलं, "दोन माणसं. बजेट बारा हजार.
ओट्यावर जागा, मिक्सर सरकवला तर, बारा इंच.
आणि दिवस मावळायच्या आत दोन कप.
अंधार पडल्यावर आम्ही काही घेत नाही."
त्यानं वहीत लिहून घेतलं: अर्ली इव्हनिंग.

पहिलं मशिन डबीचं.
डबी घाला, बटण दाबा, कप उचला.
मी मनातल्या मनात व्हाउचर भरलं:
डबी पन्नासची, माणसं दोन, दिवस तीस, एकूण तीन हजार.
स्वस्तच होतं तसं,
हत्ती फुकट आणि चारा आपला.

दुसरं स्वतःच दळणार, स्वतःच गाळणार,
स्वतःच धुऊन घेणार. छप्पन्न हजार.
हे म्हणाले, "मग आपण काय करायचं?"

तिसऱ्याच्या खोक्यावर ठळक: पंधरा बार.
ह्यांनी चष्मा चढवला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा असलेला माणूस,
बार म्हटलं की ह्यांचा हात गेज शोधतो.
"पंधरा कुठं? पंपात, का कॉफीवर?"
"काका, पंधरा म्हणजे पंधरा."
"तसं नसतंय लेकरा. कॉफीला नऊ पुरतंय,
वरचं सहा खोक्याला लागतंय."
मग डिस्प्लेच्या पीसची जाळी काढून
आतल्या कडेवरनं बोट फिरवलं, सावकाश,
जसं जावयाच्या घरी भिंतीवरनं फिरवावं.
"बर राहिलाय हितं. घासलं नाही कुणी."
त्या न घासलेल्या कडेचे हजार रुपये कमी झाले.
बिलावर नाव नेमगोंडा मगदूम,
पोरानं लिहिलं, नेम गौडा.

पुस्तिकेत छापलंय, फेसासाठी थंड, बिनसायीचं दूध घ्या.
गंगावेशीत म्हैस समोर पिळून घेणाऱ्या गावात
असलं दूध मागायचं कुठल्या तोंडानं?
आम्ही म्हशीचंच घातलं.
वाफेची नळी आधी गुरगुरली,
मग घशात घास अडकल्यासारखी गप्प.
पहिला कप जळका, दुसरा पांचट,
तिसरा अर्धा ओट्यावर.
"पावडर दाबायचा चमचा प्लॅस्टिकचा दिलाय," हे म्हणाले,
"ह्यानं काय दाबणार, कपाळ?"
व्हर्नियर लावलं. एक्कावन्न मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातनं आले ते
रुमालात काहीतरी जड गुंडाळून.
भंगारातल्या पितळेचा ठोकळा,
मूठ माझ्या तळव्याच्या मापाची.
मापं कधी घेतलं, विचारलं नाही.
घड्याळाकडं बघितलं तर पावणेचार.

एवढ्या वर्षांत ह्या माणसाला
चार वाजताच्या उजेडात मी घरात पाहिलं नव्हतं.
रविवारीसुद्धा कुणाची ना कुणाची मोटर उघडी असायची.
कानाजवळचे केस कधी एवढे पांढरे झाले?

कप नको म्हटलं. काचेचे ग्लास काढले.
चमचे आता घरात बारा आहेत,
तरी साखर हलवली नाही.
एक घोट घेऊन हे म्हणाले, "गोड का लागंना?"
"प्या की," म्हटलं, "शेवटाला लागंल."